एका रांगेतली सात ताटं

तुर्भ्याला पंपांच्या एका फॅक्टरीचं गेस्ट हाउस होतं. मेन रोडवरून ट्रक गेला की तिथल्या कपाटातले कप किणकिणायचे, आणि ट्रक दिवसभर जायचे. त्या गेस्ट हाउसच्या सहा खोल्या, सतरा उशा आणि कितीही पिळला तरी न ऐकणारा बाथरूमचा नळ, सगळं वेणूबाईला तोंडपाठ होतं. सहा वर्षं ती तिथे झाडत होती, पुसत होती, टेबल लावत होती, वाढत होती. पण मस्टरवर तिचं नाव नव्हतं. ती 'बदली'.

बदली म्हणजे नक्की कुणाच्या बदली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या जागेवर दुसरं माणूस तिने कधी पाहिलंच नव्हतं. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की कामगाराला कायम करावं लागतं, असं कुठल्याशा कायद्यात होतं म्हणे. म्हणून दोनशे पस्तिसावा दिवस उजाडला की गेस्ट हाउसचे इन्चार्ज रावसाहेब घसा साफ करायचे. "वेणूबाई, पंधरा दिवस गावाकडे जाऊन या. हवापालट. अंडरस्टँड?" रावसाहेब पूर्वी मिलिटरीच्या मेसमध्ये होते, आणि वाक्य संपलं की 'अंडरस्टँड' बुटाची टाच आपटावी तसं आपटायचे. वेणूबाई मान हलवायची. टेकडीवरच्या वस्तीत, आपल्याच खोलीत पंधरा दिवस हवापालट करायची, आणि सोळाव्या दिवशी पुन्हा एकपासून सुरू.

त्र्याऐंशी सालच्या डिसेंबरात मात्र तिला पुन्हा एकपासून सुरू करणं परवडणारं नव्हतं. तिचा नवरा गंगाराम वीस वर्षं टेकडीमागच्या खाणीत दगड फोडत आला होता, आणि आता ती खाण त्याच्या छातीत जाऊन बसली होती. खाणीच्या ठेकेदाराकडे मस्टर वगैरे भानगडच नव्हती. पाण्याचा तांब्या उचलला तरी गंगारामला धाप लागायची. बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडून तो श्वास आणायला जायचा, आणि परत येईपर्यंत काय बोलत होतो ते विसरायचा. वस्तीतल्या डॉक्टरने लाल औषध तिसऱ्यांदा बदललं आणि हळूच सांगितलं, "बाई, हे माझ्या हातातलं नाही. कामगारांच्या मोठ्या दवाखान्यात न्या. कार्ड आहे ना तुमचं?"

कार्ड पर्मनंट माणसाला मिळायचं.

त्याच महिन्यात जर्मनीहून पाच इंजिनिअर फॅक्टरीत नवं मशीन बसवायला आले होते, आणि त्यांच्यातल्या थोरल्या साहेबाची बायको सोबत होती. मशीन काही बसेना, त्यामुळे नाताळ तुर्भ्यातच. रावसाहेबांनी वेणूबाईला समोर उभं केलं. "पंचवीस डिसेंबर. ख्रिसमस डिनर. जी.एम. साहेब स्वतः येतील. टेबल असं लागलं पाहिजे, की पाहुण्यांना वाटलं पाहिजे आपण जर्मनीतच बसलोय. लागलं, तर तुमच्या मस्टरचं साहेबांच्या कानावर घालतो. नाही लागलं, तर एक जानेवारीपासून हॉटेलात शिकलेला माणूस येतोय. गळ्यात बो बांधतो तो. अंडरस्टँड?"

या वेळी वेणूबाईला खरंच अंडरस्टँड झालं. तिने दोन रात्री झोप घेतली नाही.

चोवीस तारखेला सकाळी रावसाहेब जीप घेऊन मुंबईला गेले. टेबलावरचं पांढरं कापड, मेणबत्त्या, चमकीच्या माळा, सगळं तिकडून आणायचं होतं. "संध्याकाळी उशिरा येतो. मांडामांड उद्या सकाळी," म्हणाले. मागे राहिले वेणूबाई आणि पंढरी. पंढरी म्हणजे गेस्ट हाउसचा कुक, खाडीकडच्या गावातला. जिथे आता गॅसची शेगडी होती तिथे त्याच्या आज्याचं भाताचं शेत होतं, हे तो प्रत्येक नव्या पाहुण्याला मराठीतच सांगायचा, मग पाहुणा मद्रासचा असो की म्युनिकचा.

दुपारी अडीचच्या सुमाराला थोरल्या साहेबाची मडम डायनिंग हॉलमध्ये आली. रिकामं टेबल बघितलं. त्यावरचं गुलाबांच्या चित्रांचं प्लास्टिकचं कापड दोन बोटांनी उचललं, पुन्हा सोडलं. मग मनगटावरच्या घड्याळात सातावर बोट ठेवून म्हणाली, "टुडे, वेणू. येस?"

"टुमारो, मडम," वेणूबाई म्हणाली. एवढं इंग्रजी तिला येत होतं.

"नो, नो. टुडे. ख्रिसमस टुडे."

पंढरी हात पुसत बाहेर आला. "काय बोलते गो ती?"

"नाताळ आज हाय म्हणते."

"आज कसा असंल? उंद्याला हाय." तो आत गेला आणि भिंतीवरचं कॅलेंडरच घेऊन आला. पंचवीसच्या लाल चौकटीवर पिठाचं बोट ठेवून मडमच्या नाकासमोर धरलं. "ह्ये बग. रेड. होलीडे. तुजाच सन हाय आनि तुनाच म्हाईत नाय?"

मडमने कॅलेंडर नीट बघितलं, मान डोलावली, आणि पंचवीसवरचं त्याचं बोट हळूच उचलून चोवीसवर ठेवलं. त्यांच्याकडे जेवण आदल्या संध्याकाळी असतं. ते तिने इंग्रजीत, जर्मनमध्ये आणि हातवाऱ्यांनी असं तिन्ही तऱ्हांनी सांगितलं. जी.एम. साहेबांनाही तिच्या नवऱ्याने सकाळीच फॅक्टरीत आमंत्रण दिलं होतं. सात माणसं. सात वाजता. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला वाटत होतं, सगळी तयारी आत कुठेतरी आहे आणि आता बाहेर येईल.

मग तिने पर्समधून एक फोटो काढून वेणूबाईच्या हातात दिला. तिच्या घरचा नाताळ. लांबलचक टेबल, जमिनीपर्यंत उतरलेलं पांढरंशुभ्र कापड, जळत्या मेणबत्त्या, मधोमध हिरव्या फांद्या आणि त्यांत लाल सफरचंदं. टेबलामागे सगळं घर ओळीने बसलेलं, हसतंय. मडमने फोटोवर बोट आपटलं, "लाइक धिस," म्हणाली आणि केस धुवायला निघून गेली.

वेणूबाईने कपाट उघडलं. रावसाहेब कुठल्या दुकानात असतील ते देवालाही ठाऊक नव्हतं. कपाटात प्लास्टिकचे गुलाब होते, चादरी होत्या पण त्यांवर निळ्या शाईने फॅक्टरीचं नाव, आणि मेणबत्ती एकच, लाइट गेल्यावर लावायची, अर्धी.

"सांग तिला, नाय जमाचा," पंढरी म्हणाला. "उंद्याचा कोंबरा मी आज कसा कापू? अजून फिरतंय तो अंगनात."

"पंढरीदादा, काप."

"अगो पन—"

"तुज्या पाया पडते. काप. आनि कापलास की कोयता घेऊन सुरूच्या फांद्या तोडून आन. कुंपणाकडच्या. असल्या दिसाय पायजेत." तिने फोटो दाखवला.

"आनि ती सफरचंदा?"

"टमाटे हायत ना?"

पंढरीने तिच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "गोऱ्यांना टमाटा वलखाला येतो गो," म्हणाला, पण कोंबड्यामागे धावला.

वेणूबाई टेकडी चढली ती जवळजवळ पळतच. मेणबत्त्या कुठे आहेत ते तिला माहीत होतं. वस्तीतल्या विहारात सहा डिसेंबरला आणलेली पुडकी उरलेली होती, आणि भगवंताच्या मूर्तीपुढच्या चौरंगावर घालायचं मोठं पांढरं कापडही तिथेच, धुऊन घडी केलेलं. किल्ली महिला मंडळाच्या दुर्गाबाईकडे. दुर्गाबाई जालन्याकडची. आवाज असा, की तिने कुजबुज केली तरी तीन घरं ऐकायची.

"काय गं येणू, आज बरी वाट सापडली इकडची? सहा तारखेला आली न्हाईस. डूटी हाय म्हनलीस."

"मावशी, मेणबत्त्या पायजेत. चार पुडकी. आनि ते कापड."

"कशाला?"

वेणूबाईने सांगितलं. खोटं सांगायलाही वेळ लागतो, तेवढा तिच्याकडे नव्हता.

दुर्गाबाईने कमरेवर हात ठेवले. "म्हंजी भगवंताच्या पुढचं कापड आता सायबाच्या कोंबडीखाली? आन् ते दारू पेनार, ती सांडनार, आन् आमी परत त्याच्यावर फुलं वाहनार? तुहं डोस्कं ठिकानावर हाय का?"

"मावशी, माजं नाव लागलं नाय तर त्यांचा श्वास—" पुढचं तिला बोलता येईना. तिने नुसता आपल्याच छातीवर हात ठेवला.

दुर्गाबाईचे कमरेवरचे हात खाली आले. वस्तीत ते आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मग ती आत जाऊन पाच पुडकी घेऊन आली. "मेनबत्त्या ने. उजेड कुनालाबी द्यावा. कापड देनार न्हाई, मह्यावर कितीबी रुस."

वेणूबाईला राग आला नाही. दुर्गाबाईच्या जागी ती असती तर तिनेही हेच म्हटलं असतं. पण चार वाजून गेले होते.

घरी गंगाराम भिंतीला टेकून बसला होता. आडवं झालं की त्याला श्वास मिळायचा नाही. वेणूबाईने खाटेखालची पेटी ओढली, वरचे कपडे फेकले आणि तळातली साडी काढली. नऊवारी, पांढरी, बोटभर निळा काठ. धम्म घेतल्यानंतर त्यांच्या गावात, मंडणगडाकडे, पांढऱ्या साडीत झालेलं पहिलं लग्न तिचं. वरच्या आळीतल्या बायका विहिरीवर म्हणाल्या होत्या, "अगो बाय, नवरी की विधवा ही?" आणि तिची आई ठणकावून म्हणाली होती, "आमच्यात आता पांढराच शुभ." त्या दिवसानंतर ती साडी अंगाला लागली नव्हती. घड्यांवर थोडी पिवळी पडली होती, एवढंच.

गंगारामने साडी ओळखली. "कुठं... नेतेस?"

"टेबलावर घालायला."

तो बघत राहिला. श्वास आणायला गेला, परत आला. "नेसून जा की," म्हणाला. "तुलाच... पर्मनंट करतील... मडम म्हणून."

ती हसली नाही. हसली असती तर रडली असती, आणि मग साडेचार वाजले असते.

फोटोतल्या टेबलाएवढं टेबल गेस्ट हाउसमध्ये नव्हतं. पंढरी आणि तिने जेवणाचं टेबल, कॅरमचं टेबल आणि स्वयंपाकघरातलं फळ्यांचं टेबल एका ओळीत लावलं. कॅरमचं दोन बोटं बुटकं निघालं. त्याखाली पंढरीने कांद्याच्या फोडी कापाव्यात तशा विटा फोडून सारल्या. साडीला इस्त्री झाली. नऊ वार कापड लांबीत दुमडून दोन पट्टे शेजारी आले आणि पुढून खाली जमिनीपर्यंत पोचलं.

"मदी जोड दिसतंय. कापून शिवू काय?" पंढरी सुरी घेऊन पुढे झाला.

"हात लावशील तर हात तोडीन."

जोडावर सुरूच्या फांद्या आल्या, फांद्यांत तेलाचा हात फिरवलेले टमाटे. मेणबत्त्या उभ्या करायला स्टँड नव्हते. तिने दवबिंदूसारखं मेण थेंब थेंब टाकून बशांवर त्या बसवल्या, विहारात बसवतात तशाच. सहा वाजले. मग ती फोटो समोर धरून ताटं मांडायला लागली. मडमने 'लाइक धिस' म्हटलं होतं ना? मग एक काटाही इकडचा तिकडे व्हायला नको. फोटोत सगळी माणसं टेबलाच्या एकाच बाजूला ओळीने होती, पुढची बाजू मोकळी. तिला ते पटलंही. पंगतीत हेच करतात. जेवणारे एका रांगेत, समोरून वाढणारा. नेहमीचे साहेब लोक समोरासमोर बसून एकमेकांच्या ताटात का बघतात, हेच तिला आजवर कळलं नव्हतं. सात खुर्च्या, सात ताटं, सगळी भिंतीच्या बाजूने. तोंडं दरवाजाकडे.

सातला पाच कमी असताना जीप आली. रावसाहेब दोन खोके काखेत मारून आत शिरले आणि दारातच थबकले. जी.एम. साहेबांची गाडी त्यांच्या मागोमाग फाटकातून आत वळत होती.

"हे काय आहे?" रावसाहेबांचा आवाज फुटला. "हे काय आहे! स्टेज आहे का? समोर पब्लिक बसणार आहे?"

"फोटोत असंच हाय, साहेब."

रावसाहेबांनी फोटो हिसकावला. एकदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला. "अहो, फोटो काढायचा म्हणून सगळे एका बाजूला आलेत! नाहीतर अर्ध्यांच्या पाठी आल्या असत्या! एवढी अक्कल नाही? कोण बसतं असं जेवायला? कोण?"

वेणूबाई ताटं फिरवायला पुढे झाली. पण दारात मडम उभी होती, मागे चार तरुण इंजिनिअर, थोरला साहेब आणि टाय सावरणारे जी.एम.

"मॅडम, सॉरी मॅडम, टू मिनिट्स मॅडम," रावसाहेब खुर्ची ओढायला धावले.

मडमने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मेणबत्त्यांकडे, टमाट्यांकडे बघत राहिली, मग भिंतीच्या बाजूने गेली आणि मधल्या खुर्चीत बसली. मधली बाई बसली म्हटल्यावर बाकीच्यांना बसावंच लागलं. सातही जण एका रांगेत, तोंडं समोर. आणि समोर फक्त पंढरी, रावसाहेब आणि वेणूबाई.

सूप झालं. कुणी कुणाशी धड बोलेना. बोलायचं तर शेजाऱ्याच्या कानात बोलावं लागत होतं. वेणूबाईला प्रत्येक चमच्याचा आवाज मस्टर बंद झाल्यासारखा ऐकू येत होता. मग सगळ्यात तरुण इंजिनिअरने पावासाठी हात लांब केला आणि लाल दारूचा ग्लास आडवा झाला. डाग साडीवरून सरकत निळ्या काठापर्यंत गेला.

"आई गं!" वेणूबाईच्या तोंडून निघून गेलं.

मडमने रुमाल दाबला, मीठ टाकलं. मीठ टाकताना तिच्या बोटांना काठ लागला. तिने कापड चिमटीत धरून वर पाहिलं. "सारी?"

वेणूबाईने गळ्यात माळ घातल्याची खूण केली. "माय मॅरेज, मडम."

मडमचा चेहराच उतरला. ती जी.एम. साहेबांकडे वळून भराभर इंग्रजीत बोलली. जी.एम. साहेब हसत म्हणाले, "बाई, तुम्हारी शादी की साडी है ये? अरे बाप रे. नई दिला देंगे. दो दिला देंगे. ठीक?"

"मी बघतो सर," रावसाहेब म्हणाले.

"साडी नको, साहेब." वेणूबाईचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मस्टरपे नाव पायजे. सहा वर्ष झाला."

"हां हां. जनवरी में देखते हैं."

हे वाक्य तिने दर वर्षी ऐकलं होतं. हे वाक्य बोलून झालं की बोलणारा फायलीत बघतो, नाहीतर खिडकीबाहेर. जी.एम. साहेबांनीही मान वळवली, पण डावीकडे थोरला साहेब, उजवीकडे मडम, आणि समोर नेमकी वेणूबाई. तेवढ्यात पंढरीने भाजलेल्या कोंबड्याचं ताट तिच्या हातात दिलं. ती ताट घेऊन उभी राहिली आणि जागची हलली नाही.

"वेणूबाई, सर्व्ह करा," रावसाहेब दात न उघडता म्हणाले.

"आता बोला, साहेब. मग वाढते."

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. नाही म्हणाले तर एक जानेवारीचीही वाट बघायची गरज नव्हती. आजची रात्रच शेवटची. ताट जड होतं, गरम होतं. पण खाली ठेवलं तर मग आयुष्यभर ठेवूनच द्यावं लागेल, असं तिला वाटलं.

"व्हॉट शी से?" थोरल्या साहेबाने विचारलं.

जी.एम. साहेबांनी थोडक्यात सांगितलं. फार थोडक्यात. थोरला साहेब म्हणाला, "सिक्स इयर? नॉट इन लिस्ट?" आणि मग सातांतली सहा तोंडं जी.एम. साहेबांकडे वळली. रांगेत बसल्यामुळे वळायला जरा वेळ लागला, एकामागून एक.

साहेबांचे कान तांबडे झाले. "रावसाहेब, नाम लिखो इसका."

"सर, उद्या ऑफिसमध्ये—"

"अभी लिखो."

रावसाहेबांनी खिशातली डायरी काढली. पेन चालेना, झटकलं. मग थोडं खालच्या आवाजात विचारलं, "पूर्ण नाव काय तुमचं?"

"वेणू गंगाराम गमरे."

लिहिलं.

"वाचून दाखवा."

"काय?"

"वाचून दाखवा, साहेब. मोठ्यानं."

रावसाहेबांनी वाचलं, परेडवर हजेरी घेतात तसं. वेणूबाई पुढे झाली आणि तिने समोरून वाढायला सुरुवात केली. मागे पंढरी पुटपुटला, "कोंबरा गार झाला. आता मना शिव्या भेटतीन."

डायरीतलं नाव मस्टरवर चढायला मार्च उजाडला, आणि कार्ड हातात पडलं एप्रिलच्या उन्हात. तोवर गंगारामला टेकडी उतरणं जमत नव्हतं. पंढरी आणि त्याचा भाऊ यांनी त्याला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत आणलं आणि भाजीच्या टेम्पोत घातलं. दवाखान्याच्या खिडकीत वेणूबाईने कार्ड सरकवलं तेव्हा ते तिच्या मुठीत घामाने ओलं झालं होतं. आतल्या माणसाने ते उलटसुलट करून पाहिलं. तिला वाटलं, आता म्हणेल जानेवारीत या.

"तीन नंबर वॉर्ड," तो म्हणाला.

डॉक्टरांनी गंगारामच्या छातीवर बोटं वाजवली, बराच वेळ नळी लावून ऐकलं. "आतला दगड बाहेर काढता येत नाही, बाई. श्वास थोडा मोकळा करून देऊ. फार उशीर केलात."

खाट खिडकीजवळची मिळाली होती. वेणूबाईने गंगारामच्या चपला खाटेखाली जोडून ठेवल्या, त्याच्या पाठीशी दोन उशा रचल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोला विचारलं, "बाई, हितं पानी कुठं भरायचं?"